शेवटच्या लिलावाची वेळ

अमरावती,
५ डिसेंबर २०१४

प्रिय रागिणी,

तुला नमस्कार, मैनाकाकूंना सलाम. त्यांना माझा सलामच आवडतो. मी बरी आहे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. काका वारल्यापासून तू आईजवळ अंजनगावला आणि ऑफिसच्या खोलीत मी एकटी. काल ऑटोवाल्याशी भाड्यावरून उगाच हुज्जत घातली. दिवसभरात तेवढंच बोलणं झालं.

आपली बाजारभावांची साइट डिसेंबर लागायच्या आत चपळ झाली नाही तर बंद, असं गोवर्धनशेठनी बजावलं होतं. साइट गेली असती तर तुझी परतायची जागाही गेली असती. म्हणून मी हात धुऊन मागे लागले.

आणि चूक कुणाची निघाली? तुझीच, हुशार बाई! एकदा शोधलेलं उत्तर मशीन जपून ठेवतं, पुन्हा कुणी तेच विचारलं की शोधत न बसता तेच देतं. पण ताजा भाव वर दिसावा म्हणून तू प्रत्येक शोधात ‘आत्ता’ची वेळ घातली होतीस. ती क्षणाक्षणाला बदलणार. मग ‘अकोला कापूस’ हजार जणांनी विचारलं तरी मशीनला प्रत्येक प्रश्न नवाच! जपलेली उत्तरं नुसती पडून.

डोकं चालेना, तेव्हा उठून बाजार समितीत गेले. लिलाव संपला, भाव पुकारला, माणसं पांगली. पुढच्या लिलावापर्यंत त्या भावात काही बदल नव्हता. मग आपल्यालाच कसली घाई? परत येऊन ‘आत्ता’ काढून टाकला आणि शेवटचा भाव ज्या वेळी आला ती वेळ घातली. नवा भाव आला की जुनी उत्तरं पुसायची, वेळ पुढे सरकवायची. साइट पळायला लागली! मी खुर्चीतून ओरडले, “रागिणी, जमलं वं!” खोलीत कोण होतं ऐकायला?

आता खरं लिहिते. मघापासून टाळून राहिले होते.

शेठ खूश झाले. म्हणाले, “पोरी, आता मशीनच सारं करते. दोघींले काहून ठेवू? एकीवर भागते.”

मी म्हटलं, “मंग रागिणीले ठेवा. तिच्या घरी आता तीच कमावणारी हाये.”

“अन् तू?”

“माये अब्बू हायेत ना.”

शेठ कबूल झाले. पंधरा तारखेपासून जागा तुझी. खोलीची किल्ली शेजारच्या जाईबाईंकडे ठेवली आहे. मी उद्या अकोल्याला, जुन्या शहरात अब्बूंच्या दुकानावर.

नाही म्हणू नकोस. शेठला फक्त एक फोन कर. मला उपकार केल्यासारखं अजिबात वाटत नाही, खूप वाईट वाटतं. तू परत यावीस आणि आपण दोघींनी पुन्हा शेजारी बसावं, एवढ्यासाठीच मी ते दुरुस्त केलं होतं गं.

तू येण्याआधी निघालेली,
तुबा