माझे पाय मला ऐकू येऊ देत

ता. ४ जून
चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे उंच उडी शिकायला पाठवलेल्या आमच्या नाकतोडीचं पत्र आलं. तिला घरी परत यायचंय. वर्षभरात तिने कधी कुरकुर केली नाही, म्हणून दचकले. मामी लाड करते, जेवणखाण उत्तम आहे, असं लिहिते. अडलंय ते मैदानावर. दांडीजवळ पोचली की पाय जागीच थिजतात म्हणे. तू ती धावत असताना सारखा सूचना देतोस, त्यामुळे तिला तिचे पाय ऐकूच येत नाहीत, असं तिचं म्हणणं.

रागावू नकोस. तू माझ्याहून लहान, तरी मला सायकल शिकवताना इतकं बोलायचास की मी ऐकत ऐकत थेट कुंपणात शिरले होते. महिनाअखेरच्या स्पर्धेपर्यंत तिला थांबवलंय. पुढचं तू बघ.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ताई

ता. १३ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.

राग आलाच. तरी दुसऱ्या दिवशी भाचीला म्हटलं, आज मी गप्प, तूच सांग. पहिल्या उडीनंतर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी सांगितल्याशिवाय आपली उडी कशी झाली हे तिला कळतच नव्हतं. 

मग दांडी बरीच खाली आणली आणि उडीनंतर एवढंच विचारू लागलो, की काय जाणवलं. आधी नुसते खांदे उडवायची. काल मात्र म्हणाली, शेवटच्या पावलाला दांडी अंगावर येते. धाव फार जवळून सुरू होतेय हे मला दिसत होतं, पण जीभ आवरली. तिनेच धाव सुरू करायची खूण मागे नेली, पुढे आणली, परत थोडी मागे. संध्याकाळ त्यातच गेली. नेहमीची उंची अजून जमलेली नाही, पण काल ती एकदाही थबकली नाही. तिची मामी म्हणते, हा गप्प बसायचा नियम घरातही लावा.

असाच माझा कान धरत जा.
तुझा भाऊ

ता. १ जुलै
ती. आईस सा. न.

स्पर्धेत पाचवी आले, तरी मजेत आहे. ऐक ना. शेवटच्या उंचीला दोनदा दांडी पाडली आणि कठड्यापाशी मामाकडे गेले. शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते, पण त्याने फक्त काय जाणवलं ते विचारलं. मी म्हटलं, घाई होतेय, पहिली पावलं सावकाश टाकते. तो म्हणाला, त्याला वेगळं वाटतंय, पण आधी मी माझंच करून बघावं.

गेले. दांडी हलली गं, पण वरच राहिली. माझी आजवरची सगळ्यात उंच उडी.

परतताना मीच विचारलं, की त्याला काय वाटत होतं. उडी घेताना माझा हात मागे राहतो म्हणाला. खरं असेल. उद्यापासून आम्ही दोघं ते करून बघणार आहोत. सुट्टीत घरी येईन, पण आठवड्याच्या वर ठेवून घेऊ नकोस.

बाबांना नमस्कार, तुला गळामिठी.
तुझी नाकतोडी