सीताफळांची सोयरीक

रोहणा, ता. आर्वी
रविवार, २ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप कमलाताईस,
धाकट्या नागसेनचा सविनय जयभीम.

तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजी सकाळचं फिरणं खरंच करतात, की चौकातल्या बाकावर बसून परत येतात? रूपाली आणि मी दोघंही बरे आहोत. आमची काजल नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर दुसऱ्याच वाक्याला तू ‘मंग काय झालं?’ म्हणतेस आणि मला एकदम शेवट सांगावा लागतो. या हकिकतीत सगळी गंमत मधेच आहे.

विहिरीजवळ, शेताच्या धुऱ्यावरची आपली सहा सीताफळं तुला माहीत आहेत. गेली सात-आठ वर्षं त्यांचं एकच चाललं होतं: जूनमध्ये फांद्या भरून फुलं आणि दिवाळीला जेमतेम दहा-बारा फळं. पलीकडे नाल्याकाठी तानबाजीचं एकुलतं एक झाड आहे. त्याला कोणी पाणी घालत नाही की खत, पण ते मात्र दरवर्षी पाटी भरून देतं. यंदा रूपालीने निर्वाणीचं सांगितलं, ‘दिवाईलोक पाहू. नाई तं तोडून संत्र्याचे कलमं लावू.’ कलमांसाठी नाव पण नोंदवून आली. तिचं चुकत होतं असं नाही. पण मला त्या झाडांचा राग येण्याऐवजी कुतूहलच जास्त वाटायला लागलं. एवढी फुलं येतात, मग फळ अडतं कुठे?

तू जाणतेसच, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या काचनळ्या धुतल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला एक भिंग दिलं (शालही दिली होती, ती सध्या कूलरवर असते). ते भिंग घेऊन जूनभर मी झाडाखाली स्टूल टाकून बसलो. ताई, सीताफळाचं फूल तू कधी नीट पाहिलंस का? साठी उलटली तरी मी पाहिलं नव्हतं. हिरवट, जाड, तीन पाकळ्यांचं. कोणी दाखवल्याशिवाय ते फूल आहे हे कळूच नये. आधी पाकळ्या जराशा किलकिल्या होतात, तेव्हा आत ओलं, चिकट असतं. म्हणजे त्याला पराग हवा असतो, पण स्वतःचा तयार नसतो. पुढे पाकळ्या सताड उघडतात, पराग झडायला लागतो, तोवर आतला ओलावा सुकलेला. थोडक्यात, मुलगी तयार तेव्हा मुलगा घरी नाही, आणि मुलगा येतो तेव्हा मुलीचं मन उठलेलं. मधे सोयरीक जुळवणारं कोणी तरी पाहिजे. ते आपणच व्हायचं, असं मी ठरवलं.

ब्रश घरातच सापडला. गालाला रंग लावायचा, खारीच्या शेपटीसारखा मऊ. काजल सुट्टीत विसरून गेली होती. (तिचा फोन आला, ‘बाबा, माझा ब्रश दिसला का?’ मी म्हटलं, कामात आहे. आई नटायला लागली असं वाटून पोरगी बिचारी खूश झाली.) संध्याकाळी उमललेल्या फुलांचा पराग एका डबीत झाडून घ्यायचा आणि सकाळी किलकिल्या फुलांना ब्रशने लावायचा. आठ दिवस मी तेवढंच केलं. मुंगळे कॉलरमधून आत शिरून कमरेपर्यंत फिरून आले. शेवटच्या दिवशी स्टुलाचा एक पाय चिखलात रुतला आणि मी फांदीला लोंबकळत राहिलो, एका हातात ब्रश. नेमके त्याच वेळी तानबाजी बैल घेऊन चालले होते.

‘काय करून राह्यला गा नागसेन?’

‘लगन लावून राह्यलो.’

‘कोनाचं?’

‘फुलाईचं.’

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ब्रशकडे, आणि बैल हाकले. दहा वाजेपर्यंत गावात बातमी होती की नागसेन सीताफळाला दवाई लावतो. संध्याकाळपर्यंत दवाईचं इंजेक्शन झालं.

सप्टेंबरात फांद्या जमिनीला टेकायला लागल्या. बांबूचे टेकू द्यावे लागले. रूपाली पाणी सोडायला जायची तेव्हा एकेक फळ हाताने तोलून बघायची (मी बघितलं नाही असं दाखवायचो). पण एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. सगळी लग्नं एकाच आठवड्यात लावली तर बारशीही एकाच आठवड्यात येणार! गेल्या सोमवारपासून सहाही झाडं एकदम पिकली. सीताफळ काही थांबत नाही. आज टणक, उद्या मऊ, परवा पाखरांचं. मी टोपली घेऊन घरोघर निघालो. लोक घ्यायचे, ‘ठेवा’ म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बकऱ्या माझी सीताफळं खाताना दिसायच्या. पुंडलिकरावांनी तर दारातच सांगितलं, ‘आमाले शुगर हाय.’ त्यांच्या घरातल्या सातही माणसांना ती त्याच दिवशी झाली होती. खरं सांगतो ताई, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. फळ आलं नाही म्हणून वाईट वाटणं वेगळं, आणि आलेलं कोणी तोंडात घेत नाही हे वेगळं.

दवाईची अफवा तानबाजीपासूनच सुटली होती, तेव्हा भांडायचंच म्हणून बुधवारी त्यांच्याकडे निघालो. वाटेत सहाव्या झाडावर एक चुकार, उशिरा आलेलं फूल दिसलं. ते खुडलं, आणि त्यांच्या ओसरीवर पोचेपर्यंत भांडण मागे पडलं. फूल आणि भिंग त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘पाहा.’ त्यांनी पाहिलं. फूल फिरवून फिरवून पाहिलं. ‘हे वलं काय हाय?’ म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी भिंग पुन्हा फुलावर धरलं. मग म्हणाले,

‘मंग माह्या झाडाचं लगन कोन लावते?’

ताई, पाच महिने मी त्या फुलांत डोकं घालून बसलो होतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. आम्ही दोघं तसेच उठून नाल्याकडे गेलो. त्यांच्या झाडाखाली गळलेली, कुजलेली सीताफळं, पालापाचोळा, शेण, सगळा गालिचाच होता. काडीने उकरलं तर तिळाएवढे तपकिरी किडे. वर एक फूल होतं, त्याच्या पाकळ्या हळूच फाकवल्या, तर तसेच दोन किडे आत, अंगभर पराग माखून बसलेले!

‘हे तं रोज दिसते,’ तानबाजी म्हणाले. ‘मी कीड समजत होतो.’

तिथून ते थेट आमच्या घरी आले. ओसरीवर बसून एक सीताफळ खाल्लं, मग दुसरं, आणि तिसरं हातात घेऊन गावभर फिरले. ‘दवाई-गिवाई काई नाई. म्या सोता पाह्यलं, नुसतं लगन लावते हा,’ असं सांगत. संध्याकाळपर्यंत आमची ओसरी रिकामी झाली, आणि पुंडलिकरावांच्या घरची शुगरही उतरली.

तुझ्यासाठी वेगळी काढलेली टोपली अनुपसोबत पाठवतो आहे (तोच, तुमच्या वर्ध्याला नोकरीवर जातो तो). ज्यांचे डोळे उघडलेत ती आधी खा, बाकीची तांदळात ठेव.

तुझा,
नागसेन

ता. क. खरं काम राहिलंच. तानबाजीच्या झाडाखाली त्या किड्यांचं घर आहे, आपल्या झाडांखाली पानसुद्धा नसतं. कारण रूपाली वर्षानुवर्षं रोज सकाळी ती जागा लख्ख झाडते. म्हणजे इतकी वर्षं फळ आलं नाही ते तिच्या खराट्यामुळे. हे तिला मी कसं सांगू? ती तुझं ऐकते. दोन दिवस ये आणि आपल्याच मनाने सुचल्यासारखं बोल. माझं नाव घेऊ नको.

ताई, जयभीम. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याजवळ दिलं होतं, म्हणून वाचलं. शेवटी शेवटी मामाजींना, तुमच्या बाबांना, दिसत नव्हतं, तरी ते रोज त्या झाडांखाली जाऊन बसायचे. पाल्यात साप-विंचू असला तर त्यांना कळलं नसतं, म्हणून मी झाडत होते. ते गेले, पण माझा हात काही थांबला नाही. उद्यापासून झाडत नाही. संत्र्याची कलमं नाल्याकडच्या बाजूला लावू. तुम्ही मात्र या, मला सांगायला आता काही उरलं नसलं तरी. — रूपाली