एका दिवसाचा नफा धरत नाहीत

३ ऑक्टोबर, सकाळी

दसरा झाला. निर्णय झाला. आजपासून मी ताडपत्रीवाला नाही. फंडेड ट्रेडर.

पद्धत सोपी आहे. परदेशातल्या कंपनीला फी भरायची. ती नकली पैशांचं खातं देते. त्यात अमेरिकेच्या बाजारात फ्यूचर्सचे सौदे खेळायचे. ठरलेला नफा दाखवला आणि तोटा मर्यादेत ठेवला की पास. मग कंपनी पन्नास हजार डॉलरचं खातं देते. नफ्यातला नव्वद टक्के वाटा माझा. आमच्या लाखनी गावात हे फक्त गल्लीतल्या गोलूला माहीत होतं, आता मला.

फी नागपूरहून माल आणायला ठेवलेल्या पैशातून भरली. पाऊस गेला आहे. धान कापणीला आलं. आता ताडपत्री कोण घेणार?

दुकान भाड्याने गोलूला द्यायचं. त्याला तिथे ट्रेडिंग अकॅडमी काढायची आहे. कामिनीला सांगितलं. ती भांडली नाही. कंपनीचे पैसे बँकेत आलेले दिसले की शटरची चावी देते, तोवर गल्ल्यावर मी बसते, एवढंच म्हणाली. बायकोचा विश्वास असावा तर असा.

६ ऑक्टोबर

खुर्ची घेतली. मान टेकायची सोय, कंबरेला उशी. प्रोफेशनल माणसाची कंबर हेच भांडवल.

नियम: एक, दिवसाला दोनच ट्रेड. दोन, राग नाही. तीन, ट्रेडच्या वेळी खाली दुकानात जाणार नाही.

बाजार आपल्या संध्याकाळी सातला उघडतो. दुकानात गर्दीही सातलाच होते. कामिनीने जिन्यातून दोनदा हाक मारली. नियम तीन.

७ ऑक्टोबर

नापास. नफ्यात असताना नापास.

हे लिहून ठेवलं पाहिजे. तोट्याची मर्यादा माझ्या नफ्यामागे वर चढत येते. मी वर गेलो की तीही वर. मी जरा खाली आलो की ती मात्र तिथेच उभी. सुरुवातीपेक्षा पैसे जास्त होते, तरी खातं बंद. असल्या नियमाने परीक्षा घेतली असती तर गावातलं एकही पोर चौथीच्या पुढे गेलं नसतं.

एकूण ट्रेड चौदा. त्यातले बारा रागातले, म्हणजे ते धरायचे नाहीत.

८ ऑक्टोबर

कंपनीला खरमरीत लिहिलं. टीना नावाच्या बाईचं उत्तर लगेच आलं: छान प्रश्न विचारलात, मंगेश. खाली तेच नियम. मी लिहिलं की हा प्रश्न नाही, तक्रार आहे. ती म्हणाली, छान तक्रार केलीत. मी म्हटलं, तुम्ही चोर आहात. तिने मोकळेपणाने मत मांडल्याबद्दल आभार मानले.

जेवताना कामिनीला सगळं वाचून दाखवलं. तिला टीना आवडली.

गोलू म्हणतो ती बाई नाही, कॉम्प्युटर आहे. मला पटत नाही. कॉम्प्युटरला एवढा खुनशीपणा जमत नाही.

१३ ऑक्टोबर

रीसेट केलं. म्हणजे फी पुन्हा भरली. गोलूने स्वतःचा कूपन कोड दिला, दहा टक्के सूट. एवढं कोण करतं हल्ली? उलट कामिनी. विचारत होती की कूपनात गोलूला काय मिळतं. संशयी स्वभाव. माहेरचा आहे.

माल कधी आणायचा, हेही विचारत होती. सांगितलं, मोबाईलवर महिनाभर कोरडं दाखवतं.

१७ ऑक्टोबर

पास!

सर्टिफिकेट आलं. माझं नाव, खाली सोनेरी शिक्का. स्टँडजवळ लॅमिनेट करून गल्ल्याच्या वर टांगलं. दुपारी पाहिलं तर दोराच्या बंडलांमागे गेलं होतं. कामिनी म्हणाली, गिऱ्हाईक विचारून राहिले, मालक वारले का. फोटोतले चेहरे आणि सोनेरी शिक्के यातला फरक या लोकांना कधी कळायचा?

२८ ऑक्टोबर

दिवाळीत दहा दिवस थोडंथोडं करत होतो. बहुतेक उणे. आज मात्र आयुष्यातला सर्वात मोठा ट्रेड.

घेतला आणि लाईट गेली. मोबाईलला चार्जिंग नाही, इन्व्हर्टर कामिनीने दुकानात नेलेला. मी अंधारात खुर्चीवर. बंद करावा असं शंभरदा वाटलं. लाईट आली तेव्हा नफाच नफा. असा संयम फार कमी लोकांकडे असतो. पैसे काढायचा अर्ज टाकला.

२९ ऑक्टोबर

गोलू टेप घेऊन दुकान मोजायला आला. टेपचं दुसरं टोक कामिनीनेच धरलं. मला बरं वाटलं, तिने स्वीकारलं. गोलू गेल्यावर त्याच मापाच्या रॅकची ऑर्डर तिने सुताराला दिली. कशाला ते कळलं नाही.

आभाळ भरलं आहे. मोबाईलवर अजून कोरडंच.

३० ऑक्टोबर, दुपारी

टीनाचं पत्र. अभिनंदन, मंगेश. पण एकूण नफ्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा एका दिवसाचा असेल तर पैसे देत नाहीत. माझा सगळाच एका दिवसाचा. एका दिवसाचा नफा म्हणजे नशीब, कौशल्य नाही, असं त्यांचं म्हणणं. रोज थोडा थोडा कमवून दाखवा.

हरामखोर. तोटा एका दिवसाचा असला तर चालतो. तो लगेच धरतात. तोट्याला कधी म्हणाले नाहीत की हे नशीब आहे, कौशल्य नाही.

खाली गोंगाट. पहाटेपासून पाऊस लागला आहे. लोकांचं धान कापून शेताच्या बांधीत पडलेलं, कोणाचे रचलेले पुंजणे उघडे. हायवेपर्यंत रांग आहे. आणि आपल्याकडे माल नाही. बिचारी कामिनी आता काय सांगणार.

त्याच दिवशी, रात्री जेवणानंतर

माल होता. तिने बचत गटातून पैसे उचलून पंधरा दिवसांपूर्वीच आणून ठेवला होता. मला सांगितलं नाही, कारण मी ट्रेडमध्ये होतो.

सगळा संपला. दोरसुद्धा. संध्याकाळी वर हाक आली की दोर कापायला तरी या. नियम तीन.

जेवताना मी तिला समजावलं. म्हटलं, वर्षाचा नफा एका दिवसात आला की तो धरत नाहीत. त्यात शिस्त दिसत नाही. हे माझं नाही, जागतिक मत आहे.

"मंग वापस करून देऊ का लोकाइले?" ती म्हणाली, आणि भाजी वाढली.

३ नोव्हेंबर

अमेरिकेने घड्याळ एक तास मागे घेतलं. मला कळवलं नाही.

सातला नेहमीप्रमाणे ट्रेड घेतला. काहीच हललं नाही. बाजार शांत आहे, रोजचा थोडाथोडा नफा काढायला हाच दिवस, म्हणून घेत गेलो. आठला बाजार खरा उघडला आणि हलला.

खातं बंद. टीनाने नव्या सुरुवातीसाठी शुभेच्छा दिल्या.

गोलूकडे गेलो. विचारलं, तुला शेवटचे पैसे कंपनीकडून कधी मिळाले. म्हणाला, आजच. कोणत्या ट्रेडचे, विचारलं.

"भाऊ, मी ट्रेड कायले करू? तुमी करता ना."

गोलूशी संबंध तोडले. त्याच्या अकॅडमीत शिकवायची ऑफर होती, तीही नाकारली. म्हणजे विचार करतो म्हणालो.

४ नोव्हेंबर

मी मोठ्या मनाने दुकानात परतायचं ठरवलं. कामिनी गल्ल्यावरून उठली नाही. म्हणाली, पहिले दहा दिवस पाहते. उधार नाही, गिऱ्हाइकाशी वाद नाही, एकही गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही. यातलं एक चुकलं तर पहिल्यापासून. मी हसलो. पन्नास हजार डॉलर सांभाळलेला माणूस आहे मी.

नव्या रॅकवर नवा माल लागला होता. बारापर्यंत सहा ताडपत्र्या विकल्या. मग भैयाजी आले, मोठे शेतकरी, दहा नग हवे होते. मी चार्ट मनात आणला आणि सांगितलं, भैयाजी, आता रेट वर आहे, पाऊस ओसरला की पडेल, परवा घ्या. माझ्याइतका प्रामाणिक सल्ला त्यांना कोणी दिला नसेल. ते "हाव, बरं" म्हणाले आणि समोरच्या दुकानातून दहा घेऊन गेले.

कामिनीने मला उठायला सांगितलं. नापास.

मी हिशेबच मांडला. सहा विकल्या, दिवस नफ्यात आहे, उधार नाही, वाद नाही. नफ्यातला माणूस नापास कसा होतो, याचं उत्तर मला पाहिजे.

"छान प्रश्न विचारला," ती म्हणाली. आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा दोर कापायला लागली.

उद्या सकाळी आठला रीसेट. फी म्हणून खुर्ची खाली आणून दिली. गल्ल्याला बरोबर बसली. कंबरेला चांगली आहे, म्हणाली.