रक्त न सांडता

ईस्ट कोस्ट, सिंगापूर
१० डिसेंबर २००६, रविवार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इथे आम्ही तिघं मजेत आहोत. इराची परीक्षा संपली, पाऊस रोज दुपारी येऊन जातो, आणि अभयला नेहमीसारखं ऑफिस.

मंगळवारी बातम्यांत तुमच्या सुवाचे रस्ते दाखवले. फिजीत लष्कराने सरकार हटवलं, म्हणाले. मी लगेच तुला फोन लावला, तर तू हसायलाच लागलीस. "अगं, नाक्यावरचा शिपाई आमच्याच गल्लीतला. माझ्या पिशवीत डोकावून विचारतो, आंटी, इतनी भिंडी कौन खाएगा?" मी म्हटलं, ताई, थट्टा पुरे, तू इकडे निघून ये. तर म्हणालीस, "सत्तेवर कोण बसलंय ते तुझ्या भाऊजींना विचार. मला दुकान उघडायचंय."

तरी पुन्हा लिहिते, ये. २००० सालच्या उठावात जमावाने तुमचं औषधांचं दुकान फोडलं, ते विसरलीस का? तेव्हा भाऊजी तिथेच थांबले आणि तू दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आलीस. तीन महिने राहिलीस. दुसऱ्याच दिवशी माझा ओटा बदललास. "मीठ डावीकडे हवं, उजवा हात ढवळायला मोकळा राहतो." त्यावरून आपण किती भांडलो. शेवटी इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मध्ये पडली, "मावशी, ओन्ली सॉल्ट, लाह."

आपण राहतो ते दोन्ही देश आपल्याहून वयाने लहान. तुझा दर काही वर्षांनी घर डोक्यावर घेतो. माझा शहाण्या मुलासारखा, आवाज म्हणून चढवत नाही. परवा इथल्या पेपरात तुमच्याबद्दल लिहिलं होतं, रक्त न सांडता सत्ताबदल. जणू मग फारसं काही झालंच नाही. ऑफिसला जाताना ट्रेनमधून रॅफल्स प्लेसला उतरेपर्यंत मी तेवढं एकच वाक्य वाचत होते.

आमच्याकडेही तसंच झालं, ताई. अभय मार्चपासून इथे राहत नाही. तांजोंग पगारला, ऑफिसजवळ, फ्लॅट घेतलाय. भांडण नाही, दुसरी कोणी नाही. एका सकाळी त्याने पुस्तकं खोक्यांत भरली, आणि मीच त्याला चिकटपट्टी शोधून दिली. इरा शनिवार-रविवार त्याच्याकडे असते. आत्ताही तिकडेच आहे. वर "तिघं मजेत" लिहून गेले ते सवयीने. खोडत नाही.

फोनवर सांगितलं असतं, तर तू तो ठेवून लगेच अभयला झापायला दुसरा लावला असतास.

आणखी एक सांगायचंय. टीव्हीवर ते बंदुका घेतलेले सैनिक दिसले, तेव्हा मी आधी घाबरले नाही. आधी मनात आलं, आता ताई येईल. उठून मागच्या खोलीतल्या गादीवर धुतलेली चादरसुद्धा घातली. भीती त्यानंतर वाटली. तुझा नंबर लावला, तो तुझ्या काळजीने की स्वतःच्या या आनंदाला घाबरून, ते मला अजून कळलेलं नाही.

हे पत्र पोचेपर्यंत तिकडे सगळं निवळलेलं असेल. नाक्यावरचा शिपाई आपल्या घरी गेला असेल, तू निवांत भेंडी चिरत असशील. तसंच होवो, ताई.

तरी ये.

मीठ अजून डावीकडेच ठेवणारी,
तुझी सुलेखा