पंचकल्याणीचे पाय

प्रिय हरिचंद,

टपटप, टपटप. आज पहाटे टापांच्या त्याच आवाजानं जाग आली. उठून बघितलं तर अंगण रिकामं. आपण चौथीत होतो, इथं डोंगरकड्याच्या शाळेत. गुरुजी कविता चालीवर म्हणून घ्यायचे अन् तेवढ्यात ओढ्याच्या दगडांवरून तुझ्या बापूंची घोडी यायची. पुढं बापू, मागं तू, गळ्यात दप्तर. टापांचा अन् आमच्या चालीचा असा मेळ बसायचा की गुरुजी टेबलावर छडीनं ताल धरायचे, "आला रे, हरिचंदाचा तबलजी आला!" ती कविता मला अजून पाठ आहे. तुला कधीच नव्हती. तू नुसता टापा ऐकायचास.

तुझी लाडी त्याच घोडीच्या वंशातली. तू पडलास, खुब्याचं ऑपरेशन झालं, तुझ्या नातीनं, रुपानं तुला नांदेडला नेलं, तेव्हा तिला तांड्यावरून मी माझ्या गोठ्यात आणली. फोनवर तू विचारायचास अन् मी "मजेत आहे" म्हणायचो. मजेत नव्हती रे. भर श्रावणात तिचे पाय असे बिघडले, की ही पुन्हा चालते का नाही अशी धास्ती पडली. आता सांगण्यासारखं झालंय म्हणून सांगून राहिलो.

पंचकल्याणी घोडी, चारी पाय पांढरे, कपाळावर टिळा. आपल्या काळ्या रानातला चिखल त्या पायांवर मला बघवेना. सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतून ते दुधासारखे करायचो अन् ओल्या पायांनीच तिला ओल्या गोठ्यात बांधायचो. हौस माझी, तकलीफ तिला. खुराच्या वर, मागच्या खोबणीत आधी केस चिकटले, मग खपल्या, मग चिरा, सूज. पावसाळ्यात आपल्या पायांना चिखल्या होतात ना, तसंच. आमच्या कारभारणीनं, मनकर्णेनं तेलात हळद कालवून जाड लेप थापला. वरून पिवळं धमक, आत ओल कोंडून पू. लाडी पाय टेकवेना. माझ्याकडं पाठ करून उभी राहायला लागली.

कळमनुरीहून जनावरांच्या डॉक्टर आल्या, निता मॅडम, आपल्या रुपाच्या वयाच्या. पाय बघितले, मग मला बघितलं. "आजोबा, घोडीला आंघोळीचा नवस बोललाय का?" मनकर्णेला तेवढंच पाहिजे होतं. "सोता दोन दिसाआड करत्यात, अन् घोडीला दोन टाइम!" मी आपला आढ्याकडं बघत राहिलो.

सूज होती म्हणून त्यांनी सुई टोचली. म्हणाल्या, खपल्या ओढायच्या नाहीत. केस कातरा, औषधाच्या कोमट पाण्यानं खपल्या भिजवा, मऊ होऊन सुटतील तेवढ्याच काढा. मग सुती कापडानं टिपून खोबणीपर्यंत कोरडं करा अन् मलम लावा, पातळ. इथून पुढं चिखल लागला तर धुवायचा नाही. वाळू द्यायचा अन् ब्रशनं झाडायचा. गोठ्यात मुरूम टाकला, वर कोरडं भूस. मनकर्णेनं आपलं मऊ लुगडं फाडून दिलं. मी पाय टिपत बसायचो अन् शाळेतल्या कविता म्हणायचो. चाल चुकली की लाडी कान पाडायची. तुझ्यापेक्षा तिला जास्त कळतं.

खपल्या गेल्या, सूज उतरली, गुलाबी कातडीवर पांढरी लव आली. पण लाडी हलेना. दोर सोडला तरी जागच्या जागी. मी लगाम धरून ओढली तर अंगाला काटा आल्यासारखी थरथरली. निता मॅडमनी पाय दाबून बघितले. "आता दुखत नाही तिला. दुखेल, ही भीती तेवढी राहिलीय. ओढू नका. गोठ्याचं दार उघडं ठेवा अन् तुम्ही तिला दिसाल असे बसा." तेव्हापासून मी गोठ्यासमोरच्या खोलीतच, दार उघडं टाकून बसतो.

रुपा, तू वाचून दाखवून राहिलीस, इथं थांबू नको. हरिचंद, तिला रागावू नको. तिनंच मला फोन केला. हाड बराबर जुळलंय, डॉक्टर चाल म्हणतात, अन् तू खाटेवरून पाय खाली सोडत नाहीस. वॉकरवर टॉवेल वाळत घालतोस म्हणे. हल्ली फोन दिला तरी भिंतीकडं तोंड करतोस. म्हणून हे पत्र. तुला कुणी ओढावं असं मला वाटत नाही. तू मला दिसत नाहीस अन् मी तुला दिसत नाही, एवढीच अडचण आहे. रुपानं हो म्हटलं तर सोमवारच्या एसटीनं येतो, तुझ्या खाटेसमोर बसतो अन् सगळ्या कविता म्हणतो, तू कंटाळून उठेपर्यंत. लाडीचं मनकर्णा बघेल. जरा थांब, कागदावर अंधार पडला. मनकर्णाच दारात उभी असेल म्हणून मान वर केली, तर लाडी! अंगण ओलांडून आलीय. पुढचे दोन्ही पाय ओट्यावर, मान आत खोलीत. पाय चिखलानं भरलेत. भरू दे. मी धुणार नाही.

तुझाच, त्याच बाकावरचा,
विश्वंभर