थंडावा विकत न घेणाऱ्याचा रेडिएटर

नांदेड, मंगळवार

श्रीयुत गुरुलिंगअप्पा यांस,
शिवशंकरचे शरणु शरणार्थी.

अप्पा, आणि पंधरा वर्षांहून जुनी गाडी बाळगणाऱ्या तमाम बंधूंनो! (सवयीने लिहून गेलो. पत्र तुम्हा एकट्यालाच आहे.) आपल्यावर घोर अन्याय चालला आहे. माणूस ऐंशीचा झाला की त्याला शाल घालतात, गाडी एकोणिसाची झाली की तिला भंगार म्हणतात. पेट्रोल पंपावरचा माणूस टाकीचं झाकण उघडता उघडता विचारतो, "काका, अजून चालते का ही?" चालत नसती तर मी काय तिला कडेवर घेऊन आलो? एकाच आठवड्यात, एकाच शोरूममधून, एकसारख्या पांढऱ्या गाड्या घेणारे आपण दोघे साडू. हे दुःख तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार?

तुमचा गुडघा कसा आहे? प्रमोदिनीअक्कांची साखर आटोक्यात आहे ना? डाळ मिल बरी चालत असेल. मिलच्या मागे ताडपत्रीखाली उभी असलेली तुमची गाडी कशी आहे? गिअरबॉक्स गेला म्हणून तिला तीन वर्षं हलवलेलं नाही आणि माया म्हणून विकलेलंही नाही, हे तुमच्या मोठेपणाला शोभतं. (तिच्याबद्दल शेवटी बोलू.)

फोनच केला असता. पण कान कमी झाल्यापासून मी फोन स्पीकरवर लावतो, आणि आमच्या घरात स्पीकर म्हणजे जाहीर सभा. मजकूर तर असा आहे की तो तुमच्या मेहुणीच्या, म्हणजे सिंधूच्या, कानावर जाता कामा नये.

झालं असं. मागच्या रविवारी अर्धापूरला वाचनालयात माझं व्याख्यान होतं. विषय नेहमीचाच, 'थंडावा विकत घेऊ नका'. तुम्ही तो चार वेळा ऐकलाय (तिसऱ्या वेळी तुम्हाला झोप लागली होती, मी व्यासपीठावरून पाहिलं). पाणी आणि वारा निसर्गाने फुकट दिले असताना बाटलीतलं पाणी, डब्यातली हवा आणि गाडीत घालायचं ते हिरवं औषधी कूलंट विकत घेणं ही गुलामी आहे, हे मी पंचवीस वर्षं सांगतो आहे. आणि नुसता सांगत नाही! ज्या गावी व्याख्यान, त्या गावच्या बोअरचं पाणी मी स्वतःच्या हाताने गाडीत भरतो. बिलोलीपासून उदगीरपर्यंत जिथलं पाणी प्यायलेलं नाही असं गाव माझ्या गाडीने ठेवलेलं नाही.

अर्धापूर चार किलोमीटरवर असताना गाडीने बॉनेटमधून एवढी वाफ सोडली की मला समोरचा रस्ता दिसेना. मी खाली उतरलो. सिंधू उतरली नाही. शेवटी शेषेराव नावाच्या एका केळीवाल्याने गाडीला दोर बांधला, आणि मी केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॅक्टरमागून, वाफा सोडत, थेट सभास्थानी दाखल झालो. आयोजक हार घेऊन फाटकात उभे होते. हार कुणाला घालायचा हे त्यांना क्षणभर कळलं नाही. तरीही मी बोललो, अप्पा! सव्वा तास बोललो. ऐन रंगात आलो असताना मागच्या रांगेतून तो शेषेराव उभा राहिला. "सर, भाषण लई झ्याक हाय, पर आधी तुमच्या गाडीला थंडावा द्या की!" टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

बजरंग मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी रेडिएटर खोलला. वरून घागरभर पाणी ओतलं, खालून ठिबकसिंचन सुरू झालं. आत पांढरा, दगडासारखा थर साचलेला. "सर, काय घालून राहिले तुम्ही ह्यात? चुना?" मी म्हणालो, मराठवाड्याचं पाणी. तो म्हणाला, "तेच तर. बोअरचा क्षार हाय हा. अख्ख्या जिल्ह्याचा गोळा केला तुम्ही." हे वाक्य मला मानपत्रासारखं वाटलं, पण त्याचा तसा हेतू नसावा.

इथे सिंधूने निकाल दिला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली तर ठीक, नाहीतर शनिवारी सकाळी भंगारवाल्याच्या टेम्पोतून जाईल. टेम्पोवाला ठरलासुद्धा आहे. का कोण जाणे, गेल्या उन्हाळ्यापासून तिचा या गाडीवरचा जीवच उडाला आहे. त्याआधी तिने एक शब्द कधी काढला नव्हता. अप्पा, या गाडीतून मी चारशेच्या वर व्याख्यानांना गेलो आहे. ती गेली तर मी बिलोलीला काय ऑटोने जाऊ? वक्ता ऑटोतून उतरला की लोक त्याला सुट्टे पैसे शोधताना पाहतात आणि मग त्याचं ऐकत नाहीत.

म्हणून काल रेडिएटर निवडायला गेलो. दुकानाच्या काउंटरवर धम्मप्रिया नावाची मुलगी बसते. वडिलांचं दुकान, हिचा डिप्लोमा, आणि जीभ अशी धारदार की वादविवाद स्पर्धेला तयार करावी. मी सांगितलं, मला तांब्याचा हवा, वर पितळी टाकी, आपल्या घरच्या घंगाळासारखा. ती म्हणाली, "काका, घंगाळ भांड्याच्या दुकानात मिळेल. आता ॲल्युमिनियम येतं, वरची-खालची टाकी प्लास्टिकची." प्लास्टिकवर मी दहा मिनिटं बोललो. तिने ऐकून घेतलं, मधे दोन गिऱ्हाइकं केली. मग विचारलं, जुना रेडिएटर नमुन्याला आणलाय का? नव्हता. (मी माझ्या गाडीला ओळखतो, तिचा पुरावा का बाळगू?) गाडी कुठल्या साली, कुठल्या महिन्यात घेतली आणि चेसिस नंबर काय? तेही सांगितलं. आणि मग तिने तो प्रश्न विचारला.

"एसी की विदाउट एसी?"

अप्पा, तुम्हाला माहीत आहे. या जगात फक्त तुम्हालाच माहीत आहे. आपल्या दोन्ही गाड्या एसीवाल्या आहेत. तुम्ही तुमचा लावलात. मी घरी सांगितलं की दाजींची वरच्या दर्जाची, आपली साधी. आणि आमच्या गाडीतल्या त्या बटणावर मी पहिल्याच दिवशी गणपतीचं छोटं चित्र चिकटवलं. एकोणीस वर्षं सिंधू गाडीत बसली की आधी त्याला हात लावून नमस्कार करते. हे मी कंजूषपणाने केलं नाही, तत्त्वाने केलं. थंडावा विकत घेऊ नका म्हणणाऱ्याच्या गाडीत एसी सापडला तर चळवळीचं काय होईल? आणि सिंधूचा निग्रह असा की मला माझीच लाज वाटावी. माझं एकही व्याख्यान ती आत येऊन ऐकत नाही. म्हणते, मी गाडीतच बसते, सामानाची राखण होते. मे महिन्याच्या दुपारी, काचा बंद करून, दीड-दीड तास! मी प्रत्येक भाषणात तिचं उदाहरण देतो. लोक बाहेर येऊन तिच्याकडे आदराने बघतात, आणि ती घामाचा थेंब नसलेल्या चेहऱ्याने त्यांना नमस्कार करते. (भाषणाच्या दिवशी गाडी पेट्रोल मात्र जास्त पिते. बजरंग म्हणतो, वय झालं.)

तर हीच सिंधू काउंटरपाशी पिशवी घेऊन उभी. मी ठणकावून म्हणालो, "विदाउट!"

धम्मप्रियाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "काका, चेसिस नंबरवर एसीचं मॉडेल दाखवतंय." मग मला कॉम्प्युटर या विषयावर बोलावं लागलं. सिंधू सगळा वेळ रस्त्यावरची रहदारी बघत होती. सुदैवाने तिचं लक्ष नव्हतं.

विदाउट घेऊन आलो. बजरंगने लावायचा प्रयत्न केला. पातळ निघाला, कान जुळेनात, पंखा बसेना. "ह्यो बिनएसीचा हाय सर. तुमच्या गाडीला न्हाई टिकायचा, कंधारच्या घाटात पुन्हा उकळंल." बसवून बघितलेला माल परत नाही. एसीवाला मागवायचा तर तीन आठवडे. पुन्हा ऑर्डर दिली तर दुकानाचा फोन घरी येणार, आणि स्पीकरवर येणार.

इथे सर्व कुशल आहे. अक्कांना नमस्कार.

आपला,
शिवशंकर

ता. क. तुमच्या ताडपत्रीखालच्या गाडीचा रेडिएटर माझ्या गाडीला तंतोतंत बसतो. उद्या उतरवा, गोणपाटात गुंडाळा आणि गुरुवारच्या एस.टी.ने पाठवा. पावतीवर 'हंडा' लिहा.

दुसरा ता. क. तुम्हीही माझं ऐकून बोअरचं पाणी घातलं असेल या भीतीने मला घाम फुटला होता. पण मला आठवलं, तुमच्या डिकीत एकदा मी कूलंटचा हिरवा डबा पाहिला होता. त्या दिवसापासून मी तुमच्याशी दोन महिने अबोला धरला. तो आज मागे घेतो. माझं न ऐकल्याबद्दल मी तुमचा आजन्म ऋणी आहे.

तिसरा ता. क. शेजारची देविका उद्या लातूरला क्लासला परत चालली आहे, तिच्या हाती पत्र देतो. डिंक सिंधूकडे आहे, पाकीट तीच चिकटवेल. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

(मागच्या पानावर, निळ्या शाईने)

दाजी, नमस्कार. गणपतीला हात लावला की बटण दबतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. यांचं भाषण दीड तास चालतं आणि किल्ली माझ्याकडे असते. मागच्या उन्हाळ्यात एसीचा गॅस संपला, म्हणून मी गाडी विकायला काढली होती. आता गॅस भरून घेते आणि टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवते. यांना यातलं काही सांगू नका, भाषणात माझं उदाहरण फार छान देतात म्हणे. तेवढा रेडिएटर गुरुवारी नक्की पाठवा. जाडवालाच.

सिंधू