तुकाबाईची दाढ

नेरे, ता. मुळशी
गुरुवार, दुपार (वीज नाही)

तीर्थरूप बापूदादांस,
शुभांगीचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिणं भाग पडलं, कारण विश्रामने तुम्हाला सांगितलं की माझ्या माडीवर माणसाचं मुंडकं आहे, आणि ते खरं धरून तुम्ही येत्या रविवारी राजनंदिनीला कायमची कोरेगावला न्यायला येणार आहात. फोनवर मी समजावून सांगू लागले की तुम्ही फोन ठेवता. (विश्राम माझ्या दिराचा मुलगा, म्हणून मी त्याला फार बोलले नाही. थोडं बोलले.) हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. सासुरवाडीला जाताना तो वाट वाकडी करून तुमच्याकडे येईल आणि तुमचं वाचून होईपर्यंत समोर बसून राहील, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तेव्हा त्याला चहा द्यावा आणि शेवटपर्यंत वाचावं.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमची दाढ अजून हलते आहे असं राजनंदिनीकडून कळलं. पोटची मुलगी दातांची डॉक्टर असताना लवंगेच्या तेलावर दिवस काढणारा बाप सातारा जिल्ह्यात दुसरा नसेल. त्या विषयावर मी आज काही लिहिणार नाही. माझी तब्येत उत्तम आहे, झोप लागते, साखर आटोक्यात आहे. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवावं. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि मला भास होत नाहीत.

आता मुंडक्याविषयी. ते रबराचं आहे. राजनंदिनीला परदेशी दवाखाना चालवायचा तर तिकडच्या परवान्याची परीक्षा द्यावी लागते, आणि ती परीक्षा जिवंत माणसावर न घेता असल्या डोक्यावर घेतात. त्याच्या तोंडात प्लास्टिकचे दात बसवायचे आणि ते कोरायचे, भरायचे. मानेखाली धड नाही, लोखंडी दांडा आहे, तो टेबलाला आवळलेला असतो. गाल आहेत, ओठ आहेत, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. टेबल खिडकीशी आहे (तिथे उजेड बरा), त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला आ वासून बसलेला एक टकल्या दिसतो. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या गाड्या आमच्या वळणावर हळू होतात. खाली खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांपैकी एकाने मला विचारलं, काकू, ऊपर जो अंकल बैठते हैं, वो कभी सोते नहीं क्या. मी म्हटलं, त्यांची परीक्षा जवळ आली आहे. महिनाअखेरीस त्याने खोली सोडली. आता संध्याकाळी मी स्वतः डोक्याचं तोंड मिटवते आणि हनुवटीखालून फडकं बांधते. सकाळी ते सुटलेलं असतं. रबर ताणतं, हे कारण मी काढलं आहे आणि ते मला पटलेलं आहे.

राजनंदिनी एकदा नापास झाली ते तुम्हाला माहीत आहे, का झाली ते माहीत नाही. तिचं काम चांगलं आहे. पण पाठीमागे कोणी उभं राहिलं की तिचा हात थरथरतो. परीक्षक मागे येऊन उभा राहिला, हात हलला, शेजारचा दात खरवडला गेला, संपलं. पुढच्या महिन्यात दुसरी संधी आहे. तिसरी ते लोक देत नाहीत. तुम्ही म्हणता नसेल जमत तर घरी येऊ दे. मी म्हणते हात थरथरायचा थांबला पाहिजे, घरी कशाला येऊ दे? त्यासाठी मी रोज तिच्या पाठीमागे उभी राहत होते. त्याने हात जास्तच थरथरू लागला. (ती म्हणाली, आत्या, तुम्ही परीक्षकापेक्षा वाईट आहात. मी ते कौतुक समजले.)

त्या परीक्षेतला एक भाग मात्र खऱ्या दाढेवर असतो. दाढ उमेदवाराने स्वतः मिळवायची. तिची मुळं सरळ हवीत, ती किडलेली, तुटलेली नको. तिच्या आतल्या बारीक नळ्या घरीच हाताने, सुयांनी साफ करून भरायच्या आणि ती दाढ परीक्षेला न्यायची. अशा दाढा सहजी मिळत नाहीत, कारण निरोगी दाढ कोणी काढून देत नाही. राजनंदिनी संध्याकाळी ज्या दवाखान्यात बसते तिथून तिने बाटल्या भरून दात आणले, सगळे कुजके. मग मला तुकाबाई आठवली.

तुकाबाई म्हणजे धनगरवाड्यावरची म्हातारी. तिची मेंढरं आमच्या पडीक रानात बसायची, त्यामुळे घरचीच. तिची वरची एक दाढ हिरडी सुटून लोंबत होती आणि दर वाक्याला ती त्या दाढेतून हवा ओढायची, च्स्स. बोलणं कमी आणि च्स्स जास्त. मी तिला दवाखान्यात नेलं, राजनंदिनीने दाढ काढली, आणि काय सांगू दादा, मुळं शाळेतल्या खडूसारखी सरळ. राजनंदिनीने ती मागितली आणि काय करणार तेही समजावलं. तुकाबाईने नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे तोंडात हुता तवा कुनी भरला न्हाई, आन आता भाईर काडून भरनार?”

राजनंदिनी हो म्हणाली.

“भर. पर अर्दा ठिवू नगंस. मला अर्दं काम बघवत न्हाई. झाला की दावायला आन.”

राजनंदिनीने कबूल केलं. घरी आल्यावर तिने ती उघडली, आतल्या नळ्या साफ केल्या आणि तिथेच थांबली. एवढी चांगली दाढ हातून बिघडेल या भीतीने पुढे हातच घालेना. तोंडाशी कापूस लावून तिने ती बाटलीत ठेवून दिली. दिवसांमागून दिवस गेले. मग एका सकाळी वाड्यावरून निरोप आला की तुकाबाई झोपेतच गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी वीज नव्हती, राजनंदिनी बाहेर गेली होती, खोल्यांतली मुलं कामावर. मी खाली तांदूळ निवडत होते. माडीवर आवाज झाला. च्स्स. मी म्हटलं पाल. थोड्या वेळाने पुन्हा, च्स्स, आणि पालीला इतका तिटकारा व्यक्त करता येत नाही. मी वर गेले. फडकं सुटून खाली पडलेलं, डोकं आ वासून बसलेलं, आणि त्याचं तोंड खिडकीकडे नव्हतं, बाटल्यांच्या फळीकडे होतं. दांडा ढिला झाला असणार. मी तो आवळला. आवळताना माझ्या अगदी कानाशी एकदा झालं. मी खाली येऊन उरलेले तांदूळ निवडून पूर्ण केले. (काम अर्धं टाकू नये असं मलाही वाटतं.)

दहाव्याला मी नदीवर गेले. पवनेच्या काठी आता घाट बांधला आहे, पलीकडे इमारतींची रांग. निवडणुकीला उभं राहायची इच्छा असलेल्या दोघांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, त्यांतल्या एकाने तुकाबाईला तुळसाबाई म्हटलं. मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळे भरपूर होते. समोर नव्या सदनिकांच्या जाहिरातीचा मोठा फलक आहे, त्यावर ओळीने बसलेले. एकही हलला नाही. ओरडलाही नाही. एवढे कावळे एवढे गप्प मी पाहिले नव्हते. तुकाबाईचा मुलगा बहिरू पुढे होऊन हात जोडून एकेक कबूल करू लागला. मेंढरं इकणार न्हाई, भनीला दिवाळीला आनीन, वाड्यावरच्या देवाला कौलं घालीन. काही नाही. गुरुजी म्हणाले दर्भाचा कावळा करून उरकू. बहिरू म्हणाला तिनं जल्मात काय उरकू दिलं न्हाई, आता मी कसं उरकू. ऊन चढलं. बायका एकमेकींना धरून उभ्या होत्या. एवढ्यात बहिरू वळला आणि गर्दीतून सरळ माझ्याकडे आला.

“बाई, आयची दाढ तुमच्या माडीवं हाय.”

सगळी भावकी माझ्याकडे पाहू लागली. मी विज्ञान शिकवलेली बाई. मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. मी राजनंदिनीला फोन केला आणि म्हटलं, बाटली घेऊन ये.

ती रिक्षाने आली. बहिरूने दाढ पिंडाशेजारी पानावर ठेवली, आम्ही मागे झालो. कावळे तसेच. एक मात्र खाली उतरला, दाढेपर्यंत चालत गेला, मान वाकडी करून एका डोळ्याने त्या कापसाकडे पाहिलं, आणि परत फलकावर जाऊन बसला. बाकीच्यांनी त्याला जागा करून दिली. बायकांमध्ये कोणीतरी रडू लागलं. बहिरूने मान खाली घातली.

राजनंदिनी माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, “आत्या, काम अर्धं आहे.”

मी काही म्हणायच्या आत ती रिक्षाकडे गेली आणि तिची पेटी घेऊन आली. दादा, पुढचं विश्रामने पाहिलं आहे, त्याला विचारा, फक्त मुंडक्याचं विचारू नका. घाटाच्या पायरीवर तिने रुमाल अंथरला, दाढ उचलली, कापूस काढला. पाठीमागे सगळा वाडा, गुरुजी, दोन इच्छुक उमेदवार आणि मी. समोर कावळ्यांची रांग. तिने एकेक सुई घेऊन नळ्या पुन्हा साफ केल्या, मेणासारख्या गुलाबी काड्या आत बसवल्या, दाबल्या, कापल्या, वरून भरलं, घासलं. कोणी खोकलं नाही. मी तिच्या हाताकडे पाहत होते. हात देवघरातल्या समईसारखा स्थिर. मध्ये एकदा सुई अडली तेव्हा माझ्या मागे, अगदी जवळ, झालं च्स्स. राजनंदिनीने सुई काढली, वाकवली, पुन्हा घातली. मी मागे पाहिलं नाही. मागे नुसता घाटाचा खांब होता, ते मला आधीपासून माहीत होतं.

काम झाल्यावर तिने दाढ पानावर ठेवली आणि म्हणाली, “आजी, झाली. बघा.”

तोच कावळा उतरला. पिंडाकडे गेलाच नाही. दाढेभोवती फिरला, या डोळ्याने पाहिलं, मग त्या डोळ्याने, चोचीने एकदा वर टकटक केलं. राजनंदिनी सांगते की तिकडचे परीक्षकही अगदी असंच करतात, फक्त त्यांच्या हातात आरसा असतो. मग त्याने शांतपणे पिंडातलं शीत उचललं. फलकावरचे सगळे एकदम ओरडत खाली आले. बहिरू तिथेच मटकन खाली बसला आणि पुष्कळ वेळ रडला, आणि आम्हीही, म्हणजे इतर लोक.

तेव्हा दादा, तुम्ही रविवारी येऊ नये. मुलीचा हात थरथरत नाही, हे तिने तिच्या आयुष्यातल्या सर्वांत कडक परीक्षकासमोर सिद्ध केलं आहे. येणं भागच असेल तर वहिनींना घेऊन जेवायला या आणि जेवून परत जा. राजनंदिनीचा तुम्हा दोघांना नमस्कार. ती वर बसली आहे.

तुमची धाकटी बहीण,
शुभांगी

ता. क. ती दाढ परीक्षेला न्यायला मिळाली असेल असं तुम्ही समजाल. मिळाली नाही. राजनंदिनीने ती स्वतः बहिरूला दिली आणि त्याने नदीत सोडली. मीही अडवलं नाही. आता परीक्षा महिन्यावर आणि सरळ मुळांची दाढ एकही नाही. दाढ नाही तर त्या भागाला बसू देत नाहीत, आणि तो भाग नाही तर परवाना नाही.

ता. क. दुसरा. आवाज थांबलेला नाही. काम नीट चाललं असेल तर माडीवर शांतता असते. हात चुकला की च्स्स होतं. राजनंदिनीला त्याची सवय झाली आहे, उलट ती म्हणते बरं पडतं. आम्ही त्यावर चर्चा करत नाही. परवा मात्र ती जिन्यात उभी राहून मला सांगत होती की बाबांच्या दाढेचा फोटो दवाखान्यात काढून घेतला होता, मुळं अगदी सरळ आहेत, पण बाबा काढूही देत नाहीत आणि ठेवतही नाहीत, नुसती अर्धवट हलवत बसतात. वर कोणीही नव्हतं. तेव्हा झाला तो आवाज आजवरचा सर्वांत मोठा होता, आणि बराच वेळ चालला. मी तुम्हाला घाबरवत नाही. जे ऐकलं ते कळवते आहे.

ता. क. तिसरा. त्या विषयावर काही लिहिणार नाही असं वर लिहिलं आहे ते रद्द समजावं.

हाती दिल्याची नोंद:

बहिरूकडे, दहाव्याच्या दिवशी, नदीवर: तुकाबाईची वरची दाढ, काम पुरं केलेली. मिळाल्याचं त्याने तोंडी सांगितलं. साक्षीला कावळा.

विश्रामकडे, आज: हे पत्र, वहिनींच्या गुडघ्यांसाठी तेल, आणि काचेची एक लहान बाटली, आत मिठाचं पाणी, झाकण घट्ट. दाढ अजून यायची आहे. चिठ्ठी चिकटवून तुमचं नाव घातलं आहे.